पहिले रेनेसान्स ल्यूट: निवड, पारख आणि खरेदी

अनेक वर्षे अभिजात गिटार वाजवत असलेल्या एका वादकाने तीन प्रश्न विचारले आहेत. पहिले रेनेसान्स ल्यूट, म्हणजे सोळाव्या शतकाच्या घडणीचे गोल पोटाचे तंतुवाद्य, घ्यायचे तर ते सहा जोड्यांचे (जोडी म्हणजे एकत्र वाजवायच्या, सहसा दोन तारा) घ्यावे, आठ की दहा? तारेची लांबी किती असावी? आणि इंटरनेटवर अगदी कमी किमतीत जी नवी कोरी ल्यूट दिसतात, ती घेण्यात नेमकी काय अडचण आहे? हे प्रश्न सहसा याच क्रमाने विचारले जातात आणि उत्तरेही तशीच सुटी सुटी दिली जातात. माझ्या मते त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे आपल्याला कोणाचे संगीत वाजवायचे आहे. त्याचे उत्तर मिळाले की जोड्यांची संख्या आणि लांबी बऱ्याच अंशी आपोआप ठरतात. त्यानंतर उरतो तो बांधणीचा प्रश्न, आणि पैसे खर्च करताना सर्वाधिक काटेकोरपणा दाखवायचा तो तिथेच.

संगीत कोणते, हे ठरवण्यासाठी लगेच ल्यूट विकत घेण्याची गरज नाही. गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवून तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पट्टी) लावला, तर सहा जोड्यांच्या जी ल्यूटची, म्हणजे पहिली तार जी स्वरात लावलेल्या ल्यूटची, स्वररचना जशीच्या तशी मिळते. अशा गिटारवर टॅब्लेचर, म्हणजे स्वरांऐवजी तार आणि पडदा दाखवणारी लिपी, थेट वाचता येते. फ्रेंच पद्धतीत अक्षरे असतात आणि मोकळ्या तारेसाठी पहिले अक्षर वापरलेले असते, तर इटालियन पद्धतीत आकडे असतात आणि सर्वांत वरची रेघ सर्वांत खर्जातली तार दाखवते. काही आठवडे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला इटालियन फ्रान्चेस्को दा मिलानो आणि 1600 च्या आसपासचा इंग्रज जॉन डाउलंड आलटून पालटून वाजवून पाहिले की मन कुठे रमते हे कळू लागते. मात्र या प्रयोगावरून हाताच्या ताणाचा अंदाज बांधू नये, कारण 65 सेंटिमीटरच्या गिटारवर तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावल्यावर वाजणारी लांबी जेमतेम 54.7 सेंटिमीटर उरते आणि नेहमीचे जी ल्यूट त्याहून चांगलेच लांब असते.

आता जोड्यांविषयी. व्हेनिसमध्ये 1507 साली मुद्रक पेत्रुच्चीने छापलेल्या स्पिनाचिनोच्या पुस्तकांपासून पॅरिसच्या आतेन्याँचे 1529 चे प्रकाशन, न्यूरेंबर्गच्या हान्स नॉयझिडलरचे 1536 चे पुस्तक आणि फ्रान्चेस्कोच्या फँटाझिया व रिचेरकारेंपर्यंतचे सारे संगीत सहा जोड्यांसाठी आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात सातवी जोडी रूढ झाली, शतक संपता संपता आठवी आली, आणि सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत दहा जोड्यांचे ल्यूट प्रस्थापित झाले होते. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 1615 साली प्रसिद्ध झालेले निकोला व्हालेचे संगीत अशा दहा जोड्या गृहीत धरूनच लिहिलेले आहे. याचा अर्थ असा की एकट्या सोळाव्या शतकाचा विचार केला तर सहा जोड्यांमध्ये आयुष्यभर पुरेल एवढे साहित्य आहे.

तरीही नवशिक्यांना बहुतेक वेळा सल्ला मिळतो तो आठ जोड्यांचा, कारण त्यात सगळेच वाजते. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो फुकटचाही नाही. वाढलेली प्रत्येक जोडी दांडी रुंद करते, घोडीवरचा भार वाढवते, सुरात ठेवायच्या तारांमध्ये दोन तारांची भर घालते आणि उजव्या अंगठ्याचा पल्ला लांबवते. शिवाय न वाजवलेल्या खर्जाच्या तारा सहकंपनाने घुमत राहतात. डाउलंडच्या भारदस्त पावान नृत्यरचनांमध्ये हा घुमारा शोभतो, पण फ्रान्चेस्कोच्या बारीक विणीच्या स्वरवाक्यांमध्ये तो वाक्यांच्या कडा पुसट करतो. सहा जोड्यांच्या चांगल्या ल्यूटचा आवाज ज्यांनी जवळून ऐकला आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये सात जोड्यांचे ल्यूट आहे आणि ते मला उगाच दुर्लक्षित राहिलेले वाटते. सातवी जोडी सहाव्या जोडीपेक्षा पाच अर्धस्वरांनी खाली, म्हणजे डीमध्ये लावली, तर तिच्या तिसऱ्या पडद्यावर एफ मिळतो आणि डाउलंड आणि त्याचे समकालीन इंग्रज होलबर्न, कटिंग यांच्या बहुसंख्य रचना वाजवता येतात. अडचण येते ती डावा हात वर गुंतलेला असताना खाली एफ दाबावा लागतो तेव्हा. एफ आणि डी हे दोन्ही स्वर मोकळ्या तारेवर हवेत म्हणूनच तर आठवी जोडी आली. तेव्हा आपला ओढा मुख्यतः 1590 नंतरच्या इंग्रजी संगीताकडे असेल तर आठ जोड्या घ्याव्यात, 1550 च्या आधीच्या इटालियन संगीताकडे असेल तर निःशंकपणे सहा घ्याव्यात, आणि निर्णय होतच नसेल तर सात. दहा जोड्यांचे ल्यूट पहिले वाद्य म्हणून मी कोणालाही सुचवत नाही. ते पुढच्या काळाच्या उंबरठ्यावरचे वाद्य आहे आणि त्याचा उजवा हातही वेगळा चालतो. एक व्यवहाराची गोष्ट मात्र नोंदवायला हवी. वापरलेल्या वाद्यांच्या बाजारात आठ जोड्यांची ल्यूट सर्वांत सहज मिळतात आणि पुन्हा विकतानाही गिऱ्हाईक लवकर सापडते. म्हणून सात जोड्यांचे ठरवून निघालेल्या माणसापुढे उत्तम कारागिराचे आठ जोड्यांचे ल्यूट रास्त किमतीत आले, तर त्याने मुळीच अडून बसू नये.

लांबीचा प्रश्न यापेक्षा खोल आहे, आणि तो समजून घेतला तर विक्रेत्याच्या वर्णनातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. आतड्यापासून केलेली तार, म्हणजे तात, किती ताणली तर तुटते हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसते. ते अवलंबून असते कंपनसंख्या आणि लांबी यांच्या गुणाकारावर. लांबी मीटरमध्ये आणि कंपनसंख्या हर्ट्झमध्ये घेतली, तर हा गुणाकार 260 च्या आसपास गेला की चांगली तातही तुटते. म्हणून रोजच्या वापरासाठी तो 235 ते 240 च्या जवळ ठेवतात. त्या काळातल्या शिक्षकांचा नियम असा होता की पहिली तार सोसेल तितकी चढवावी आणि बाकीच्या तिच्यावरून लावाव्यात. त्या नियमाचा आधार हाच आहे. आता हिशोब करून पाहा. 440 च्या पट्टीत, म्हणजे ए स्वर 440 हर्ट्झ धरणाऱ्या आजच्या पट्टीत, जी म्हणजे 392 हर्ट्झ. त्याला 60 सेंटिमीटरने गुणले की 235 येतात. वरच्या ए स्वरात लावलेले 54 सेंटिमीटरचे छोटे ल्यूट घेतले तर 440 गुणिले 0.54, म्हणजे 238. एफमध्ये लावलेले 67 सेंटिमीटरचे मोठे ल्यूट घेतले तर 349 गुणिले 0.67, म्हणजे 234. तिन्ही वाद्ये लहानमोठी असली तरी तारेच्या दृष्टीने ती एकाच जागी उभी आहेत.

यावरून खरेदीच्या वेळी उपयोगी पडणारा नियम निघतो. 440 च्या पट्टीतले जी ल्यूट हवे असेल तर 58 ते 61 सेंटिमीटरच्या दरम्यानचेच पाहावे. कोणी 66 किंवा 67 सेंटिमीटरचे ल्यूट जीमध्ये लागते असे सांगून विकत असेल, तर एक तर ते 415 च्या, अर्ध्या स्वराने खालच्या जुन्या पट्टीत लावलेले आहे किंवा वरच्या तारा कृत्रिम आहेत आणि त्याही सतत तुटण्याच्या बेताला आलेल्या आहेत. उलट 54 सेंटिमीटरचे ल्यूट जीमध्ये लावले तर खर्जाच्या तारा ढिल्या आणि बोद वाजतात. एकट्याने वाजवणाऱ्याला एफमध्ये किंवा ईमध्ये लावलेले मोठे ल्यूट घेण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि त्याचा भरीव आवाज मोहातही पाडतो. मात्र गायकाला किंवा इतर वाद्यांना साथ करायची असेल तर छापील साहित्य बहुधा जी ल्यूट गृहीत धरते, हे लक्षात असू द्यावे.

हाताचे गणितही याच ठिकाणी येते. पहिल्या चार पडद्यांनी व्यापलेले अंतर 60 सेंटिमीटरच्या तारेवर सुमारे 12.4 सेंटिमीटर असते, तर 67 सेंटिमीटरच्या तारेवर ते 13.8 होते. फरक दीड सेंटिमीटरहूनही कमी आहे, पण सोळाव्या शतकातल्या कित्येक सुरावटींमध्ये पहिले आणि चौथे बोट आपापल्या पडद्यांवर धरून मधली बोटे चालवावी लागतात आणि तिथे हा फरक मनगटाला जाणवतो. गिटारवर 65 सेंटिमीटरची सवय असलेल्यांना वाटते की 67 म्हणजे काहीच नाही. गिटारच्या रचना ज्या पद्धतीने हातासाठी बेतलेल्या असतात, त्या पद्धतीने ल्यूटच्या रचना बेतलेल्या नाहीत, आणि ल्यूटची दांडी रुंदही असते. तळहात लहान असेल तर 58 किंवा 59 सेंटिमीटर निवडण्यात कोणताही कमीपणा नाही.

आता बांधणीकडे वळतो. चांगले ल्यूट हातात घेताच आश्चर्य वाटते ते त्याच्या हलकेपणाचे. सात-आठ जोड्यांचे वाद्य एक किलोच्या आतच भरते. तबली, म्हणजे पुढची फळी, स्प्रूसची असते आणि तिची जाडी सुमारे दीड मिलिमीटर असते. पोटाच्या फासळ्याही साधारण तेवढ्याच पातळ. तबलीखाली आडव्या पट्ट्या असतात, खर्जाच्या बाजूला घोडीमागे एक वाकडी पट्टी आणि तारसप्तकाच्या बाजूला काही बारीक पट्ट्या असतात. जाळी, म्हणजे तबलीतले नक्षीदार नादछिद्र, वेगळी करून बसवलेली नसते, ती त्याच फळीत कोरलेली असते. घोडीवर गिटारसारखे तारा टेकवायचे हाड नसते. तारा सरळ घोडीला बांधतात. ही सगळी रचना एका तारेला साधारण तीन किलोचा ताण धरून केलेली आहे, तर गिटारच्या एका तारेचा ताण त्याच्या दुपटीहून अधिक असतो. ल्यूटवर गिटारच्या तारा कधीही चढवू नयेत ते याचसाठी. याच घोडीच्या आणि पट्ट्यांच्या असमान मांडणीमुळे उजव्या हाताचे ल्यूट तारा उलट्या लावून डाव्या हाताचे करता येत नाही. डावखुऱ्या वादकाला वाद्य तसेच बनवून घ्यावे लागते.

स्वस्तातल्या, कारखान्यात ठोक बनवलेल्या ल्यूटवर माझा आक्षेप आहे तो इथे. ती दिसायला ल्यूटच असतात. पोट, मागे वळलेली खुंट्यांची पेटी, जाळी, सगळे जागच्या जागी असते. पण तबली जाड, पट्ट्या अवजड, त्यामुळे तीन किलोच्या ताणाने ती हलत नाही आणि आवाज आतल्या आत राहतो. खुंट्या आणि त्यांची भोके एकाच उताराने घासलेली नसतात, म्हणून खुंटी एक तर सरकते किंवा अडकते. दांडीचा कोन चुकलेला असेल तर मधल्या पडद्यांवर तारा इतक्या उंच राहतात की दाबताना स्वर चढतो. यातला प्रत्येक दोष एखादा कुशल कारागीर दुरुस्त करू शकतो, परंतु खुंट्या नव्याने बसवणे, दांडी पुन्हा जोडणे आणि तबली काढून पातळ करणे यांची मजुरी वाद्याच्या किमतीहून जास्त होते. शिकणाऱ्याचे खरे नुकसान पैशाचे नसते. बिघाड हातात आहे की वाद्यात, हे त्याला बरेच दिवस कळत नाही, आणि तो दोष स्वतःला देत राहतो.

जुन्या बाजारात आणखी दोन प्रकारांपासून सावध राहावे लागते. एक म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन भाषक प्रदेशात लोकप्रिय झालेले ल्यूट-गिटार. त्याचे पोट ल्यूटसारखे असते, पण त्यावर सहा एकेरी तारा, धातूचे पडदे आणि गिटारची स्वररचना असते. दुसरा प्रकार म्हणजे त्याच शतकाच्या मध्यावर बनलेली, अवजड तबलीची, धातूच्या पडद्यांची आणि घोडीवर हाड बसवलेली ल्यूट. ल्यूटच्या पुनरुज्जीवनाच्या इतिहासात त्यांना मानाची जागा आहे, ज्युलियन ब्रीमने अशाच वाद्यावर हे संगीत जगभर पोहोचवले. पण आज बोटांच्या टोकांनी, नखांशिवाय वाजवायला शिकणाऱ्यासाठी ती उपयोगाची नाहीत. पडदे बांधलेले आहेत की ठोकलेले, एवढे छायाचित्रात पाहिले तरी बरीच छाननी होते. बांधलेले पडदे केवळ परंपरा म्हणून नसतात. ते किंचित सरकवून मध्यस्वर (मीनटोन) या जुन्या स्वरमेळ पद्धतीतली तृतीय स्वरांची शुद्धता मिळवता येते, आणि या संगीताची निम्मी गोडी त्यातच आहे.

मग पहिले ल्यूट आणायचे कुठून? माझे उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटते: आधी भाड्याने घ्यावे. ब्रिटनमधली ल्यूट सोसायटी 1956 पासून आणि अमेरिकेतली ल्यूट सोसायटी 1966 पासून कार्यरत आहे. दोन्ही संस्थांकडे सभासदांना वाद्ये भाड्याने देण्याची सोय आहे. काही महिने भाड्याचे ल्यूट वाजवले की स्वतःला कोणती लांबी मानवते, तारांमधले अंतर किती हवे आणि सुरात लावण्याचे काम आपण किती सोसू शकतो, हे कळते. या शेवटच्या मुद्द्यावर जर्मन संगीतलेखक मातेझोनने 1713 मध्येच टोमणा मारून ठेवला आहे की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाने साठ वर्षे नक्कीच सूर लावण्यात घालवलेली असतात. अतिशयोक्ती आहे खरी, पण खुंट्या वाईट असल्या तर फारशी नाही.

भाड्यानंतरचा पर्याय म्हणजे जाणत्या कारागिराचे वापरलेले वाद्य. नवे ल्यूट मागवले तर किंमत काही हजार युरोंच्या घरात जाते आणि नामवंत कारागिरांकडे वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त थांबावे लागते. वापरलेले वाद्य लगेच मिळते, त्याचा आवाज काय आहे हे आजच ऐकता येते, आणि ते वीस-तीस वर्षे टिकून सरळ राहिले असेल तर बांधणी पक्की असल्याचा तोच उत्तम पुरावा असतो.

पाहणी करताना सुरुवात दांडीपासून करावी. वाद्य डोळ्यांसमोर आडवे धरून खुंट्यांच्या बाजूने घोडीकडे नजर टाकावी. दांडी तारांच्या दिशेने पुढे झुकली असेल तर मधल्या भागात तारा उंच दिसतात. आठव्या पडद्याजवळ तार साडेतीन मिलिमीटरपेक्षा बरीच वर असेल, तर किंमत बोलण्यापूर्वी थांबावे. गिटारच्या घोडीवरचे हाड घासून तार खाली आणता येते, पण ल्यूटमध्ये तारांची उंची घोडीच्या भोकांनी कायमची ठरवलेली असते. उपाय उरतात ते दोनच, दांडीची पट्टी रंधून घेणे किंवा दांडीचा सांधा सोडवून पुन्हा जोडणे, आणि दुसरे काम मोठे आहे.

त्यानंतर तबली पाहावी. प्रकाश कडेने पडेल असे वाद्य धरले की तिचा चढउतार दिसतो. घोडीच्या पुढे, जाळीच्या दिशेला किंचित खोलगट आणि घोडीमागे किंचित फुगीर असणे हे तारांच्या ओढीने स्वाभाविकच आहे आणि त्याने घाबरून जाऊ नये. खोलगटपणा एवढा असेल की तारा जाळीजवळ तबलीला टेकायला आल्या आहेत, तर आतल्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता आहे. बोटाच्या पेराने तबलीवर जागोजागी हलके टकटक करावे. सुटलेली पट्टी असेल तिथे फरफर ऐकू येते. घोडीच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा. तो आत जात असेल तर घोडी उचलली जात आहे. रेषांच्या दिशेने गेलेली आणि नीट जोडलेली चीर ही फार मोठी गोष्ट नाही, किंमत कमी करून घेण्यास मात्र ती पुरेशी आहे. फासळ्यांच्या सांध्यांवर हात फिरवावा आणि मोबाइलचा उजेड जाळीतून आत सोडून बाहेरून सांध्यांकडे पाहावे. उघडा सांधा असेल तर उजेड दिसतो.

प्रत्येक खुंटी स्वतः फिरवून पाहावी. ती सलग, गचके न देता फिरली पाहिजे आणि सोडल्यावर जिथल्या तिथे थांबली पाहिजे. एखाद-दुसरी अडत असेल तर खुंटीच्या मलमाने भागते. सगळ्याच त्रास देत असतील तर खुंट्या गोलाकार राहिलेल्या नाहीत असे समजावे. तारांमधली अंतरे मोजायला विसरू नये. खुंट्यांकडच्या पट्टीवरच्या खाचा नव्याने पाडता येतात, ती पट्टी बदलणेही सोपे असते. घोडीची भोके मात्र तशी बदलत नाहीत. म्हणून उजव्या हाताला जोडीतल्या दोन तारा एकत्र सापडतात का आणि शेजारच्या जोड्यांमध्ये बोट मोकळे राहते का, हे विकत घेण्यापूर्वी वाजवूनच ठरवावे लागते. ल्यूट वाजवणारा कोणी सोबत असेल तर त्याला वाजवायला सांगून स्वतः काही अंतरावर बसून ऐकावे. जवळ गोड आणि लांब गेल्यावर विरून जाणारी वाद्ये असतात, तसेच वाजवणाऱ्याला रूक्ष वाटूनही खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट पोहोचणारीही असतात.

नवे वाद्य मागवायचेच असेल, तर कारागिराला पहिला प्रश्न विचारावा तो मूळ नमुन्याचा. कोणत्या वस्तुसंग्रहालयातल्या कोणत्या वाद्यावरून तो काम करतो, आणि त्यात त्याने काय बदल केले आहेत? बोलोन्याच्या लाउक्स मालर आणि हान्स फ्राय यांची लांबट, नऊ किंवा अकरा फासळ्यांची पोटे सहा जोड्यांच्या संगीताला उत्तम जुळतात. त्यांची उरलेली मूळ वाद्ये बहुतेक नंतरच्या काळात जास्त जोड्यांची करून घेतली गेली आहेत, तेव्हा दांडी आणि घोडी यांबाबत कारागिराला इतर पुराव्यांवर विसंबावे लागते. इन्सब्रुकच्या गेऑर्ग गेर्लेचे 1580 च्या सुमाराचे सहा जोड्यांचे ल्यूट व्हिएन्नामध्ये बरेचसे मूळ स्थितीत आहे, आणि म्हणून ते पुष्कळांचा नमुना असते. सात-आठ जोड्यांसाठी पादुआच्या व्हेंदेलियो व्हेनेरेची वाद्ये आणि ब्रसेल्समधले हीबरचे सात जोड्यांचे ल्यूट हे नमुने वारंवार ऐकू येतील. चांगला कारागीर या प्रश्नाचे उत्तर आनंदाने आणि सविस्तर देतो. उत्तर टाळणाऱ्याकडे आगाऊ रक्कम देण्याची घाई करू नये. लांबी, स्वराची पट्टी, घोडीवरची अंतरे, तारांचे प्रकार, पेटीचा समावेश आणि मुदत या गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात.

लाकडाविषयी फार चर्चा होते, मी ती लवकर संपवतो. यू, मेपल, प्लम, चेरी, अ‍ॅश, अक्रोड या सगळ्यांपासून उत्कृष्ट ल्यूट बनलेली आहेत. आवाज ठरवतो तो तबलीची निवड आणि पट्ट्यांची मांडणी. फासळ्यांची संख्या, त्यांच्यामधल्या रंगीत रेघा आणि दांडीवरचे जडावकाम यांवर किंमत वाढते, आवाज वाढत नाही. पैसे मोजकेच असतील तर साध्या मेपलचे, अकरा फासळ्यांचे, अलंकाररहित वाद्य घ्यावे.

परदेशातून मागवताना लाकडाचा प्रश्न कायद्याच्या बाजूने पुन्हा येतो. ब्राझिलियन रोजवुड हे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात 1992 पासून आहे. इतर रोजवुड जातींवर 2017 मध्ये निर्बंध आले, पण 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. हस्तिदंताचा लहानसा तुकडासुद्धा सीमेवर वाद्य अडकवू शकतो. म्हणून वापरलेल्या ल्यूटच्या विक्रेत्याकडून दांडीची पट्टी, खुंट्या आणि जडाव कशाचे आहेत हे लेखी मागावे, आणि नवे बनवताना हाडाचा किंवा स्थानिक लाकडाचा आग्रह धरावा.

तारांच्या बाबतीत सुरुवातीला शुद्धतेचा हट्ट नको. तात सर्वांत सुंदर वाजते, पण ती हवेतल्या ओलाव्याने सरकते आणि पहिली तार लवकर झिजते. कृत्रिम तात आणि फ्लुओरोकार्बनच्या तारा शिकण्याच्या काळात पूर्ण समाधानकारक आहेत. खर्जासाठी तांब्याची तार गुंडाळलेल्या आधुनिक तारा सोयीच्या असल्या, तरी रेनेसान्स काळात त्या नव्हत्या; त्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या, आणि त्यांचा लांबत जाणारा धातूचा नाद या संगीतात खटकतो. त्याऐवजी तांब्याची पूड मिसळलेल्या गुळगुळीत तारा बऱ्या. सहा जोड्यांच्या ल्यूटवर चौथ्या ते सहाव्या जोडीत जाड तारेसोबत सप्तकाने वरची बारीक तार लावावी. त्या काळचा आवाज तोच आहे. डाउलंडने मात्र 1610 साली मुलाच्या पुस्तकात खर्जाच्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावण्याचा पुरस्कार केला होता, त्यामुळे आठ जोड्यांच्या ल्यूटवर दोन्ही पद्धती चालतात. मी स्वतः सहाव्या जोडीपर्यंत एकच स्वर ठेवतो आणि त्याखाली सप्तक जोडतो.

वाद्य घरी आले की ते पेटीतच काही तास राहू द्यावे, म्हणजे ते खोलीच्या तापमानाला येईल. प्रवासासाठी उतरवलेल्या तारा एकदम पूर्ण पट्टीत चढवू नयेत. दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवाव्यात आणि दर टप्प्याला घोडीकडे पाहावे. खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर वाद्य वाजवून झाल्यावर पेटीत ठेवण्याची शिस्त तरी पाळावी. पडद्यांची तात पहिल्या वर्षात नक्कीच झिजेल. म्हणून निरनिराळ्या जाडीची तात, सुमारे एक मिलिमीटरपासून 0.6 मिलिमीटरपर्यंत, वाद्यासोबतच मागवून ठेवावी आणि पडद्याची गाठ शिक्षकाकडून पहिल्याच भेटीत शिकून घ्यावी.